कुंचीवरचे रान

सोमशेखरचे जावळ ज्या वर्षी काढले, त्या वर्षी मी शिरोळच्या या घरात आले. जावळाच्या अंगरख्यासाठी शिंप्याने हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी बाही आखूड करून दिली. तेव्हा सोमशेखरची आई महादेवी रागाने म्हणाली, "हितनं पुढं मीच शिवतो." आमच्याकडे बायकासुद्धा 'मी शिवतो, मी जातो' असेच बोलतात. तिचा नवरा बसाप्पा हसला. पण पुढच्या बाजाराला तो कोल्हापूरला गेला आणि एसटीच्या टपावर दोरखंडाने बांधून मला घेऊन आला.

मित्रांनो, मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते, मी भंगार नाही. माझ्यावर तुळशीची कुंडी ठेवायची नाही. माझ्या लोखंडी पायांवर काच टाकून चहाचे टेबल करायचे नाही. माझ्या अंगावरून दोन महापूर गेले आहेत. पाणी उतरल्यावर महादेवीने माझ्या पोटातला गाळ काडीने काढला, रॉकेलने पुसले, तेल सोडले आणि मी पुन्हा टाके घालू लागले. ज्याला पाण्याने नेले नाही, त्याला भंगारवाला काय नेणार?

मी परकर शिवले, पिशव्या शिवल्या, शाळेचे गणवेश शिवले. पण माझे नाव झाले ते कुंचीमुळे. बाळाच्या डोक्यावरून टोपडे आणि तेच पुढे पाठीवरून खाली सोडलेले, अशी ती कुंची. बारशाला ती आजोळहून यायची असते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, पण बाळाच्या अंगावर आजोळ असावे लागते. महादेवी माझा कापड दाबणारा पाय काढून टाकी, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांवर पत्र्याची चकती बसवी, लाकडी रिंगेत कापड ताणून धरी आणि दोन्ही हातांनी रिंग फिरवत रेशमाचे पोपट, मोर आणि वेली काढी. खाली तिचे पाय चालत आणि वर माझी सुई नाचे. गल्लीतली किती बाळे माझ्या कुंचीत पाळण्यात गेली, ते मला ठाऊक नाही. त्यातली काही आता मिशा फिरवत ट्रॅक्टर चालवतात.

मला अक्षरे मात्र उशिरा आली, कारण महादेवीलाच ती उशिरा आली. सोमशेखरच्या पाठची सुष्मिता पहिलीत गेली, तेव्हा तिच्या पाटीशेजारी बसून महादेवी शिकली. शिकलेले विसरू नये म्हणून ती जुन्या कापडावर माझ्याकडून गिरवून घेई. आधी वरची रेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरे टांगायची. मला ते फार आवडे.

पुढे बाजारात तयार कपडे आले. मोटारीच्या मशीनी आल्या. मी सोप्यात भिंतीला लागून उभी राहिले आणि माझ्यावर वर्तमानपत्रांची रद्दी साठू लागली. सुष्मिताचे लग्न गडमुडशिंगीच्या शिवप्रसादशी झाले. तिच्या लग्नात मी एक टाका घातला नाही. सगळे कोल्हापुरातून आले.

आता मुख्य गोष्ट. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा मी भावासाठी सोडते, असे मुलीने लिहून द्यायचे, याला हक्कसोड म्हणतात. आमच्या उसाच्या पट्ट्यात मुली मुकाट्याने सही करतात. मग त्यांना दिवाळीला साडी मिळते आणि बाळंतपणाला माहेर मिळते. बसाप्पाने सुष्मिताला सहीला बोलावले. ती आली, चहा प्याली आणि माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "आप्पा, मी भांडून मागत न्हाय. पण सोडतबी न्हाय."

"मग माहेर सुटलं म्हण," बसाप्पा म्हणाला.

सोमशेखर खाली बघत बसला होता.

त्यामुळे पहिले बाळंतपण असूनही तिला माहेरी आणले नाही. मुलगी झाल्याचा फोन आला, तेव्हा महादेवीने न विचारता माझ्यावरची रद्दी उतरवली. बसाप्पाने ते पाहिले.

"या घरातली एक चिंधीबी तिकडं जायची न्हाय," तो म्हणाला. मग खाली वाकला, माझ्या चाकावरचा चामडी पट्टा ओढून काढला, गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

पट्टा नसला की पायाने चाक फिरत नाही, मित्रांनो. बाजूचे लहान चाक हाताने फिरवता येते, पण भरतकामाला दोन्ही हात रिंगेवर लागतात. बसाप्पाला हे चांगले माहीत होते. महादेवी माझ्यासमोर बसून राहिली. बारशाच्या दिवशी सासरच्या बायका विचारणार, आजोळचे काय आले? आणि सुष्मिताच्या मांडीवर काही नसणार. पुढे कुठल्याही मुलीला घरात सांगता येणार, सही केली नाही की असे होते, बघ.

त्या वेळी दारातून बसाप्पाची आई रत्नव्वा आत आली. पाठीत वाकलेली, पण आवाज बाजारात ऐकू जाईल असा. सासूला महादेवी अत्ती म्हणते.

"काय म्हणाला गं त्यो?"

"या घरातली चिंधी जायची न्हाय म्हणाले, अत्ती."

"या घरातली न्हाय नव्हं? मग गाव हाय की."

आणि रत्नव्वा काठी टेकत गल्लीत निघाली. प्रत्येक दारात उभी राहून ती ओरडे, "चिंधी द्या गं! बसाप्पाच्या नातीला कुंची शिवायची हाय, आनी आमच्या घरात चिंधी न्हाय!"

लोक बाहेर आले. कोणी खणाचा तुकडा दिला, कोणी इरकल लुगड्याचा काठ. शेजारच्या जैनांच्या राजमतीने कपाटातून नवे कोरे साटीन काढले.

"हे न्या आज्जी, चांगलं मीटरभर हाय."

"नगं. चिंधीच पायजे."

"अवो, असू दे की!"

"कापड बसाप्पाकडंबी हाय गं बाई. मला त्येच्या शब्दाबाहेर जायचं न्हाय." राजमती पदर तोंडाला लावून हसली आणि तिने साटीनचा कोपरा कापून दिला.

दुपारी बसाप्पा रानातून तापून आला. दूध डेअरीवर त्याला कोणीतरी विचारले होते, "काय पावणं, ऊस सोडून चिंध्याचा धंदा काढला व्हय?"

"अव्वा, गावात त्वांड दावायला जागा ठिवली न्हाईस!" तो आईवर ओरडला.

रत्नव्वा चिंध्या निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुझ्या घरातली एकबी न्हाय यात. बघून घे."

"अगं, पण कशासाठी ह्ये?"

"मीबी माझ्या भावाला अंगठा दिलता," ती म्हणाली. "दर दिवाळीला लुगडं मिळायचं. लुगडी समदी फाटली. जमीन काय फाटली न्हाय, ती अजून पिकतीय." मग तिने धान्याचा रिकामा डबा उपडा केला, माझ्या उजव्या बाजूला ठेवला आणि त्यावर बसली. "महादेवी, रिंग धर. चाक मी फिरवतो."

बसाप्पा दारातच उभा होता. दार कोणी लावले नाही.

महादेवीने चिंध्या जोडून कुंचीचे कापड केले. मग रिंग माझ्या सुईखाली ठेवली आणि विचारले, "काय काढू, अत्ती? पोपट?"

"पोपट कशाला? रान काढ."

"रान?"

"व्हय. आपलं रान. हिर काढ, आंबा काढ, चारी बाजूला बांध काढ. पोरीला मिळंल न मिळंल. पोरीची पोरगी पाठीवर घालून तरी फिरू दे."

महादेवीने हिरवे रेशीम ओवले.

रत्नव्वाचा हात म्हातारा होता. चाक कधी धावे, कधी अडखळे. "अत्ती, सावकाश," महादेवी म्हणे. "सावकाश फिरवलं तर बाळ शाळंला जाईल की," रत्नव्वा म्हणे. माझे टाके एकसारखे पडले नाहीत, हे खरे आहे. उसाची काही पेरे जाड झाली, काही बारीक. पण खरा ऊस तरी एकसारखा कुठे असतो? मी ठरवले होते, धागा तोडायचा नाही. कितीही वेडेवाकडे चाक फिरले तरी खालचा दोरा वरच्याने पकडायचा. मी पकडला.

रान पूर्ण झाले. रत्नव्वा उठायला लागली, तेव्हा महादेवी म्हणाली, "अत्ती, जरा बसा." तिने लाल रेशीम घेतले. खालच्या बांधावर तिने एक रेघ ओढली आणि तिला अक्षरे टांगली. 'सुष्मिता बसाप्पा.' सासरचे नाव नाही. बापाचे नाव, जमिनीच्या कागदावर असते तसे.

बारशाला मी गेले नाही. मला चाके आहेत, पण चालत जाता येत नाही. दोघी एसटीने गेल्या आणि परत आल्यावर माझ्यासमोर बसून सगळे पुन्हा बोलल्या, म्हणून मला कळले. आत्याने बाळाच्या कानात 'राजनंदिनी' सांगितले आणि बाळाला पालथे खांद्यावर घेतले, तेव्हा सगळ्या बायकांना पाठ दिसली.

"अगं बया, कुंचीवर शेत?"

"वाटा हाय पोरीचा," रत्नव्वा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "बापानं दिला न्हाय, म्हणून आज्जीनं शिवला."

सुष्मिताने बोटाने ती लाल अक्षरे वाचली. मग म्हणे ती इतकी हसली, की बाळ दचकून जागे झाले.

बसाप्पा आईशी बोलेनासा झाला. माझा पट्टा खिशातच राहिला. काही दिवसांनी कोल्हापूरहून एक नवे हॉटेलवाले आले. "वरचं मुंडकं तुम्हाला ठेवा, खालचा सांगाडा टेबलाला द्या," ते म्हणाले. बसाप्पा हो म्हणाला. रत्नव्वा उठली आणि माझ्या पायपट्टीवर जाऊन बसली.

"आधी म्हातारीला उचला, पावणं. मग सांगाडा. दोनी जुनीच हायत."

ते चहा न घेता गेले.

मग रत्नव्वा अंथरुणाला लागली. तिचे अंथरूण सोप्यात माझ्याजवळच होते. आमच्या लिंगायत लोकांत माणूस गेल्यावर जाळत नाहीत. आपल्याच रानात मातीत बसवतात. आमच्या रानात आंब्याखाली घरातली जुनी माणसे आहेत. रत्नव्वाने बसाप्पाला आणि सोमशेखरला बोलावले.

"मला आंब्याखाली ठिवू नगा. मला सुष्मिताच्या वाटणीत ठिवायचं."

"सुष्मिताची वाटणी कुठं हाय, अव्वा?" बसाप्पा म्हणाला.

"तेच तुला इचारतोय की."

मग एका सकाळी ती गेली.

तिला नेले तेव्हा जंगमस्वामी, भाऊबंद, सगळे रानात येऊन थांबले. पोरांनी फावडी आणली होती आणि विचारत होती, "कुठं खणायचं?" मरणाऱ्याचा शब्द. मोडायचा कसा? बसाप्पा एकटाच पुढे गेला. विहिरीजवळ त्याने चपला काढल्या. सोमशेखरच्या हातातली पहार घेतली आणि विहिरीपासून ओढ्यापर्यंत मातीत रेघ ओढली. मग सोमशेखरला म्हणाला, "हिकडचं तुझं न्हाय."

"व्हय, आप्पा," सोमशेखर म्हणाला, आणि रेघेच्या त्या बाजूला त्यानेच पहिले फावडे मारले. सुष्मिता बाळाला घेऊन तिथेच उभी होती. घरी थांबलेल्या महादेवीला तिने हे सांगितले, तेव्हा सुष्मिताचा हात माझ्या फळीवर होता.

तिसऱ्या दिवशी बसाप्पाने खिशातून पट्टा काढला. चामडे वाळले होते. त्याला तेल लावले, माझ्या चाकावर चढवला आणि रानात गेला. वाटणीचा कागद अजून व्हायचा आहे. तो होईपर्यंत मी इथून हलणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी असेल, तर खंडेनवमीला फूल वाहून वर्षभर गोणपाटाखाली झाकू नका. तेल घाला आणि चालवा. गंज बसून राहिल्याने चढतो, कामाने चढत नाही. आणि मुलींनो, आपले नाव लिहायला शिका. ते कशाखाली लिहायचे आणि कशाखाली नाही, तेही शिका. मला शिकवणारी माणसे होती, म्हणून सांगते.

रत्नव्वा यंदाच्या पाडव्याआधीच्या सोमवारी सकाळी वारली. ती सुष्मिताच्या वाटणीत आहे.