डाव्या हाताचा सदरा

मोठ्या सिस्टरांनी सदरा उलटा केला, काखेतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "आतापर्यंत कोणाकोणाला दाखवलास?"

"घरी. नणंदेला, जावेला, आईला. सगळ्यांना आवडला."

"आवडणारच. त्यांचे दोन्ही हात चालतात."

म्हणूनच तर ओळखपाळख नसताना ती सदरा घेऊन या पुनर्वसन केंद्रात आली होती. लकव्याने अंग गेलेल्यांसाठी कपडे शिवायचे, दुसरं काही शिवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण शिंप्याच्या दुकानातली नोकरी सोडण्याआधी कोणीतरी परक्याने खरं काय ते सांगावं, असं तिला वाटत होतं.

सिस्टर तिला खिडकीजवळच्या खाटेकडे घेऊन गेल्या. तिथे एक निवृत्त बँडमास्तर बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित.

"मास्तर, घालून बघा. आणि भीडभाड ठेवू नका."

सदरा मागून उघडणारा होता. सिस्टरांनी बाह्या अलगद चढवल्या, पाठीवर बंद बांधले. इतकं झटपट झालं की तिचा चेहरा खुलला.

"काढा," मास्तर म्हणाले.

"टोचतोय का?" तिने विचारलं.

"बाळाला झबलं घालावं तसं घातलंत मला. डावा हात शाबूत आहे माझा, बाई."

तिचे कान तापले. सदरा पिशवीत कोंबून निघून जावं, असं क्षणभर वाटलं. मग तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्या डाव्या अंगाला बसली.

"तुम्ही स्वतः कसा घालाल, ते दाखवा."

त्यानंतर ती पुन्हा पुन्हा आली. कधी बाही अडली, कधी काजं. दर वेळी मास्तरांनी मान हलवली आणि दर वेळी तिने घरी जाऊन शिवण उसवली.

शेवटी तिने समोरून उघडणारा सदरा आणला. उजवी बाही ऐसपैस, बटणांमागे लपवलेले लोहचुंबक. मास्तरांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून बाहीत घातला. तो मध्येच अडकला. सिस्टर पुढे सरसावल्या, तशी तिने त्यांचं मनगट धरलं.

हात बाहेर आला. टक, टक, एकेक बटण लागलं. एक चुकलं. मास्तरांनी सगळी उघडली आणि पहिल्यापासून लावली.

"छान," सिस्टर म्हणाल्या. "आता काढू या, व्यायामाला जायचंय."

"राहू दे अंगावर," मास्तर म्हणाले. "आज मुलगी यायचीय."

आणि त्यांनी कॉलर नीट केली.