दह्याचं ताक करणारा पाटा

बेंबळीत एक होती नीलम्मा, तिचा लेक बसप्पा, बसप्पाचा एक ट्रक, आणि ट्रकच्या मागच्या चाकावर होतो मी. मी कमानपाटा बोलतोय. पोलादाचे पाटे एकाखाली एक बांधले की कमान होते, ती वाकून गाडीचा धक्का सोसते. त्यातला मी सगळ्यात खालचा. अंगानं आखूड, पण जाड. आणि डोक्यानं तर माझ्याहून जाड कुणी नव्हतंच.

ट्रक बांधताना मिस्त्री रणधीर बसप्पाला म्हणाला, "अण्णा, द्राक्षंच वाहायची ना? नऊ पाटे बास."

"उसाच्या गाड्यांना चौदा असत्यात! माझीच गाडी मागनं बसकी दिसली तर लोक हसतील."

असा मी वरकड पाचांत भरती झालो. गाडी मागनं उंच दिसायची, लाथ मारायला निघालेल्या गाढवासारखी. मला ती ऐट वाटायची.

पहिल्या खेपेला तामलवाडीच्या सत्यभामाबाईंची द्राक्षं भरली. खड्डा आला की मी छाती काढायचो, 'वाकणार न्हाय!' वाकलो नाहीच. बाजारात क्रेट उघडले, तर घड एकीकडं, मणी एकीकडं.

बाई म्हणाल्या, "आणखी एक खेप देते. पुन्हा मणी गळले तर दुसरा गाडीवाला बघीन."

हंगामभराचं काम त्या एका खेपेवर आलं. दोष रस्त्याचा, असं बसप्पाला वाटलं. मलाही तसंच वाटलं. स्वतःकडं दाखवायला मला बोट कुठाय?

दुसऱ्या खेपेला नीलम्मा सोबत निघाली. बाईंचा राग निवावा म्हणून दह्याचं मडकं घेतलं. पुढं पाय पसरता येत नाहीत, म्हणून मागं हौद्यात, बरोबर माझ्या डोक्यावर बसली.

तामलवाडीत फडकं सोडलं. आत ताक, वर लोण्याचा गोळा!

सत्यभामाबाईंना हसू आवरेना. "नीलम्मा, गाडी हाय का रवी?"

नीलम्मा कंबर धरून उतरली. "बसप्पा, दह्याचं असं झालं, तर द्राक्षांचं काय हुईल रे?"

बसप्पाला रणधीरचे 'नऊ बास' आठवले. "अव्वा, पाटे काढले तर गाडी बसकी दिसंल."

"दिसू दे. माझी कंबर बसली, ती न्हाय दिसत तुला?"

तिथल्याच गॅरेजात दोन्हीकडचे पाच-पाच पाटे उतरवले. पहिला मी. आता गाडी कोसळणार, म्हणून मी जमिनीवर पडून वाट बघत राहिलो. ती द्राक्षं भरून डुलत डुलत गेली, माझ्याकडं वळूनसुद्धा न बघता. बाजारात मणी न् मणी घडाला धरून होता. हंगामभराचं काम बसप्पालाच मिळालं.

परतताना त्यानं मला उचललं, लोहारानं ठोकलं. आता मी नीलम्माच्या विळीचं पातं आहे. कांदा चिरताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या कौतुकाचंच असणार, असं मी समजतो.

यंदा बसप्पानं दुसरा ट्रक बांधायला टाकला. रणधीर घरी आला. "मागं किती पाटे घालू?"

"अव्वाला विचारा," बसप्पा म्हणाला.

नीलम्मानं मला आडवं केलं, हात पुसले आणि उठली.

"थांब बाबा, आधी दही लावते."