परत घेतो

आमच्या ड्रमरला आम्ही गडबड्या म्हणायचो. हार्डकोर पंक म्हणजे तसंही दीड मिनिटाचं गाणं, नुसता वेग आणि आरडाओरडा. तरी त्यातही हा बाबा आमच्या आधी शेवटाला पोहोचायचा आणि घाम पुसत आमची वाट बघायचा. मी बेस गिटार वाजवतो आणि दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो. सूतभर चूक झाली तर दार लागत नाही, अशा कामात आयुष्य गेलंय. त्यामुळे आमचं रोज भांडण.

पहिल्या अल्बमच्या वेळी मी त्याच्या कानात तालाच्या यंत्राची टिकटिक लावून त्याला वठणीवर आणलं. सगळं मापात बसलं. ऐकणारे म्हणाले, छान आहे, पण जीव नाही. त्यांचं बरोबर होतं, मी तेव्हा कबूल केलं नाही एवढंच.

दुसऱ्या अल्बमच्या तालमींत मी हात टेकले. सुताराच्या कारखान्यामागे आमची खोली आहे, भिंतींना जुन्या गाद्या लावलेली. तिथे एका रविवारी मी चार माईक लावले आणि त्याला एकट्याला नऊही गाणी वाजवायला लावली. अल्बमसाठी नव्हे. कुठे कुठे पळतो ते त्याला पुराव्यानिशी ऐकवायचं होतं, एवढाच माझा उदात्त हेतू.

त्यानंतरच्या बुधवारी तो बेकरीत, कामावर, पिठाच्या पोत्याला टेकून बसला तो उठलाच नाही. एकतीस वर्षांचा होता. जाण्यातही घाई केली, असं कोणीतरी म्हणालं, आणि मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

दोन महिन्यांनी आम्ही ते पुरावे, म्हणजे त्या रविवारचं रेकॉर्डिंग, उघडलं. गिटार वाजवणारा त्याचा धाकटा भाऊ, मी आणि आमची गायिका. ती दिवसभर बालवाडीत गोड बोलते आणि संध्याकाळी आमच्यात येऊन घसा फाडते. तिला आम्ही बाईच म्हणतो. साउंडवाला म्हणाला, "ड्रम सरळ करून देतो. कॉम्प्युटरवर एका दुपारचं काम आहे."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. हेच तर मी इतकी वर्षं मागत आलो होतो.

"हात लावू नका," मी म्हणालो. "आम्ही पळतो त्याच्यामागे."

त्याच्या ड्रमवर आपापलं वाजवत पळता पळता नाकी नऊ आले. तिसऱ्या गाण्यात तो दुसऱ्या कडव्यापाशी सुटतो, सहाव्यात शेवटाआधी जरा दम खातो. त्याच्या सगळ्या खोडी आम्ही पाढ्यांसारख्या पाठ केल्या. आठवं गाणं झालं तेव्हा बाई भिंतीवरच्या गादीत तोंड खुपसून रडली.

नववं अर्धंच होतं. मध्येच मी ओरडतो, "थांब! पळतोयस लेका!" माझं ओरडणं संपायच्या आतच तो बोलतो, तिथेही घाई: "बरं बरं, परत घेतो." मग काठ्यांचे चार ठोके, आणि पुढे काही नाही.

"रेकॉर्डरचं कार्ड भरलं असणार," साउंडवाला म्हणाला. मी मान डोलावली. गाणं तसंच ठेवायचं ठरलं, कारण दोन्ही अल्बम मिळून त्याचं बोलणं तेवढंच होतं.

अल्बम झाल्यावर तो मी काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, ऐकवायला गेलो. आमचं संगीत म्हणजे भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखं, असं त्या तोंडावर सांगायच्या. त्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून त्यांनी नऊच्या नऊ गाणी ऐकली.

"चार मोजले तर खरे," त्या म्हणाल्या. "मग वाजवलं का नाही रे त्यानं?"

धाकटा दारातच उभा होता.

"तो वाजवणार होता, काकू. मीच मशीन बंद केलं. चिडलो होतो. म्हटलं, आता बास, पुढच्या रविवारी बघू."

त्यांनी ओट्यावरच्या फडक्याची घडी केली, परत उलगडली. आता खरडपट्टी काढतील असं वाटलं. मला ती हवी होती.

"मग काय म्हणाला तो?"

"हसला. काठ्या पिशवीत टाकल्या. म्हणाला, पुढच्या रविवारी तुझ्या मापात वाजवतो."

काकू डोळे पुसून म्हणाल्या, "परत लाव. नुसतं त्याचं बोलणं."

नुसतं त्याचं लागत नाही. त्याच्यात माझं ओरडणं येतंच. मी लावलं.