भिकनच्या हातचा वाटा

चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते, तेव्हा भिकन धनगराचा मेंढवाडा जवळच्याच माळावर होता. एखादं कोकरू मेलं, की तो ते मागच्या खडकावर टाकी. "लांडग्याचाबी वाटा असतोय," म्हणे. लांडगा आधी अंधारात येई. पुढे तो भिकनसमोर, दिवसाउजेडी येऊ लागला.

एका सकाळी शेजारच्या बानाबाईची नात दारात भाकर खात होती. लांडग्याने भाकर हिसकावली आणि पोरीचा हात फाडला.

दुपारी बानाबाई विष कालवलेलं मटण घेऊन आली. "तूच ठेव, भिकनदादा. तुझ्या हातचंच खाईल. लई लाडाचा हाय न्हवं तुझा?"

"एक डाव हाकलून बघतो, बाई. नाय गेला, तर ठेवतो."

मटण दारातच ठेवून भिकन खडकाकडे गेला. लांडगा वाट बघत बसला होता. भिकनने धोंडा उचलला आणि नेम धरून जोरात फेकला. धोंडा लांडग्याच्या पुढ्यात आपटला. तो दोन पावलं मागे सरला. मग पुढे येऊन त्याने धोंडा हुंगला आणि भिकनच्या हाताकडे बघत पुन्हा बसला.

भिकन मटण आणायला वळला.