एका फळीचे तेवीस फोटो

मी कॅमेरा बोलतोय. साधासुधा नाही हं, मर्लबाईंचा कॅमेरा! सहा वर्षांत अकरा हजार फोटो काढलेत मी, आणि तेही घरात बसून नाही. कॅरॅव्हॅनमधून अख्खा ऑस्ट्रेलिया पालथा घातलाय.

मर्लबाई एकतीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये सँडविच करत होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा सोबतच्या बायकांनी मिळून मला भेट दिलं. मग त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या क्लॅरीरावांनी, घर लेकीच्या हवाली केलं, गाडीमागे कॅरॅव्हॅनचं चाकांवरचं घर जोडलं आणि दोघं निघाले.

लोक सूर्यास्ताचे फोटो काढतात. मर्लबाई सूर्यास्ताचे चाळीस काढायच्या आणि तो बघत बसलेल्या माणसांचे साठ. पेट्रोल पंपावरची कुत्री, पाण्याच्या टाक्या, चर्चच्या दारावरच्या सूचना, काही म्हणता काही सुटायचं नाही. कीड पसरू नये म्हणून राज्याच्या सीमेवर फळं टाकून द्यावी लागतात, तर त्या आंब्यांच्या पिशवीचेही फोटो! "खायला नाही मिळाले, निदान बघायला तरी," म्हणायच्या. लेक फोनवर ओरडायची, "आई, एवढे फोटो बघणार कोण? निम्मे पुसून टाक!" बाईंनी एकही पुसला नाही. मला त्याचा केवढा अभिमान!

पहिल्याच वर्षी कोलाबिनला आम्हाला पावसाने गाठलं. गव्हाच्या शेतांमधलं एवढंसं गाव. तिथल्या हॉलची किल्ली थोरा रॅफर्टी नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या बाईंकडे असायची. त्यांनी हॉल उघडला, चहा ठेवला, स्कोन, म्हणजे छोटे गोड पाव, आणि जॅम पुढे केला. भिंतीवर एक मोठी लाकडी फळी होती. युद्धावर गेलेल्या गावच्या पोरांची नावं तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेली होती. थोराबाईंनी एका नावावर बोट ठेवलं. "हा आमचा अ‍ॅलेक, माझा भाऊ. न्यू गिनीच्या लढाईत गेला."

झालं! मर्लबाई सरसावल्या. एका फळीचे तेवीस फोटो.

"अगं, बास की आता," क्लॅरीराव म्हणाले. "नावं काही पळून चालली नाहीत!"

"तू स्कोन खा आणि गप बस."

दोन वर्षांनी थोराबाईंचं पत्र आलं. मर्लबाईंनी ते मोठ्याने वाचलं.

"मर्ल, आपला हॉल जळाला गं. विजेच्या तारा जुन्या झाल्या होत्या. फळीही गेली. आता नवी करतायत, पण नावं सरकारी यादीतून घेणार, आणि त्या यादीत अ‍ॅलेक नाही. तो सोळाव्या वर्षी वय चोरून भरती झाला, जॉर्ज हिल असं खोटं नाव सांगून. सरकारदरबारी जॉर्ज हिल मेला. माझा भाऊ फक्त त्या फळीवर होता. ज्यांना हे माहीत होतं, ते सगळे गेले. हॉल समितीचा डॉयल म्हणतो, पुरावा दाखव. तू त्या दिवशी फोटो काढत होतीस ना?"

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! माझ्याशिवाय कोण देणार होतं पुरावा?

दोघं संगणकासमोर बसले. पहिला फोटो उघडला. काय फोटो होता! सरळ, स्वच्छ, फळीच्या कडेचं कोरीवकामसुद्धा दिसावं. आणि बरोब्बर मधोमध, जिथे अ‍ॅलेक असायला हवा तिथे, वॉर्निशवर आपटलेल्या माझ्या फ्लॅशचा पांढरा गोळा. दुसऱ्यात तेच. दहाव्यात तेच. अहो, बावीसच्या बावीस फोटोंत मी त्या पोराचं नाव पुसून टाकलं होतं! मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मर्लबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. "काय कळवू तिला, क्लॅरी? सगळं गाव आलंय, तुझा भाऊच तेवढा नाही म्हणून?"

"तेवीस काढले होतेस ना?" क्लॅरीराव म्हणाले. "मग अजून एक आहे. उघड."

तो फोटो मला चांगला आठवत होता. स्कोन घेताना क्लॅरीरावांचा धक्का लागला, बाईंचं बोट फ्लॅशवर आलं आणि मी चुकून दाबला गेलो. तिरपा, काळपट, अर्ध्या फोटोत क्लॅरीरावांचं कोपर. माझ्या हातात असतं तर मी तो तिथल्या तिथे पुसला असता. पण उजेड आपटला नव्हता, म्हणून अक्षरं दिसत होती. 'ए. रॅफर्टी.' मर्लबाई ओरडल्याच, "आहे! क्लॅरी, आहे रे!"

टपालावर कुणाचा भरवसा नव्हता. दोन दिवस गाडी हाकत आम्ही कोलाबिनला पोचलो. थोराबाईंदेखत डॉयलसाहेबांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "कोपर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं!" क्लॅरीराव असे म्हणाले, जसं काही मुद्दाम ठेवलं होतं. डॉयलसाहेबांनी टोपी काढली आणि ते थोराबाईंकडे वळले. "थोरा, माझं चुकलं."

आता माझ्या लेन्समध्ये वाळू अडकलीय, मी काही उघडत नाही. मर्लबाईंनी मला कोलाबिनच्या नव्या हॉलला देऊन टाकलं. नव्या फळीखालच्या काचेच्या कपाटात मी असतो, शेजारी तो तिरपा फोटो. येणाऱ्याजाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. बिघडलेले फोटो पुसण्याची घाई करू नका. आणि चांगल्या फोटोंचा फार तोरा मिरवू नका, मी मिरवून बघितलाय.

पण निरोप घेण्याआधी ती एप्रिलमधली अँझॅक दिनाची, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाची, सकाळ सांगायलाच हवी. हॉल अजून उभा राहिला नव्हता, म्हणून नवी फळी गव्हाच्या शेडमध्ये लावली होती. सगळं गाव उभं. डॉयलसाहेब एकेक नाव वाचत होते. "अ‍ॅलेक रॅफर्टी," ते म्हणाले, आणि पुढचं नाव घ्यायचे थांबले.

थोराबाई काठी टेकत फळीपाशी गेल्या. मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलंस ना रे, अ‍ॅलेक? तुझ्याच नावाने हाक मारली तुला."