कस्तुरीच्या नडग्या

कस्तुरीच्या नडग्या दुखायला लागल्या तेव्हा घरात प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. नवरा पद्मनाभ म्हणाला, बँकेतली खुर्ची उंच आहे, पाय लोंबकळतात. लेक मुग्धा म्हणाली, आई म्हातारी झाली. सासूबाई श्यामलाबाई यांना तर कारण शोधावंच लागलं नाही.

"थ्रोबॉल," त्या म्हणाल्या. "दुसरं काय असणार?"

छत्तिसाव्या वर्षी मल्लेश्वरमच्या सुनेने पंजाबी ड्रेस घालून, जाळीपलीकडे चेंडू फेकायला मैदानावर जावं, हे श्यामलाबाईंच्या घशाखाली उतरलं नव्हतं. कस्तुरी धारवाडला शाळेत असताना संघाची कप्तान होती. पण लग्न होऊन बंगळूरला आली, मुग्धा झाली, आणि बारा वर्षांत तिने चेंडूला हात लावला नव्हता. मग एक दिवस बँकेत तिने शिपायाला किल्ल्यांचा जुडगा तीन टेबलांवरून फेकून दिला. तो नेमका त्याच्या ओंजळीत पडला. गदगच्या यल्लव्वा तिथे हेड कॅशियर होत्या आणि बँकेच्या महिला संघाच्या कप्तानही. चष्मा कपाळावर चढवून त्या म्हणाल्या, "कस्तुरी, आज संध्याकाळी मैदानावर ये."

दसऱ्यानंतर सगळ्या बँकांच्या संघांचे सामने होते. कस्तुरीला त्यात खेळायचं होतं. किती खेळायचं होतं ते ती कुणाला सांगत नसे, पण पोळ्या लाटतानाही तिचा उजवा खांदा मधूनच मागे जाई.

आणि नेमक्या आत्ता नडग्या! आधी खेळ सुरू करताना दुखायच्या, मग खेळ संपल्यावर, मग बसमधून उतरताना. जुलै उजाडला तोवर सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला तरी आतल्या बाजूने, घोट्यापासून वर, ठणका निघायचा. तिळाचं तेल झालं, मिठाच्या पाण्याचा शेक झाला. आंबेहळदीचा लेप लावून ती बँकेत गेली तेव्हा पासबुक घ्यायला आलेल्या आजोबांनी तिच्या पिवळ्या पायांकडे बघून विचारलं, "घरात लग्न आहे का?"

यल्लव्वांनी स्पष्टच सांगितलं. "दसऱ्यापर्यंत बरी झालीस तर तू. नाहीतर ती नवी मुलगी. ती एकदा संघात आली की बाहेर निघायची नाही गं. तिचे पाय बघ, शेवग्याच्या शेंगा."

शेवटी कस्तुरी डॉक्टर धनलक्ष्मींकडे गेली. मिठाईच्या दुकानावर त्यांचा दवाखाना होता. तुपाचा वास सोसत लोक तिथे मोडकी हाडं घेऊन बसत. डॉक्टरांनी एक्सरे खिडकीशी धरला. हाड शाबूत होतं, पण त्याला धरून ठेवणारे स्नायू ताणले जाऊन हाडाच्या कडेला सूज आली होती. "खेळ बंद," त्या म्हणाल्या. "धावणं नाही, उड्या नाहीत. तीन आठवड्यांनी बघू."

कस्तुरीने खेळ बंद केला. ती मैदानाच्या कडेच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे चेंडू मोजू लागली. श्यामलाबाईंचा आनंद मात्र लपता लपेना. श्रावण तोंडावर आला होता, आणि शहरातल्या मराठी महिला मंडळांच्या मंगळागौरीच्या स्पर्धेत त्यांचा चमू सलग दोन वर्षं बसवनगुडीच्या बायकांकडून हरला होता. आता सुनेच्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या होत्या.

"डॉक्टरांनी चेंडू बंद सांगितलाय ना? मग चल मंडळात. तेवढाच पाय मोकळा होईल."

कस्तुरी गेली. मंडळाच्या शहाबादी फरशीवर, अनवाणी, आठवड्यातून चार संध्याकाळी झिम्मा, फुगडी, पिंगा, बसफुगडी. आणि कोंबडा! उकिडवं बसून, हात गुडघ्यांवर धरून, टणाटण उड्या मारत सभागृहाला फेरी घालायची, त्यात कस्तुरीचा हात कुणी धरू शकत नसे. बाकीच्या दमून बसत आणि ही आपली चाललेलीच. थ्रोबॉलची सगळी हौस ती कोंबड्यावर भागवून घेत होती.

तीन आठवड्यांनी नडग्या पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागल्या.

"बघितलंस? त्या चेंडूनं आतपर्यंत पोखरलंय," श्यामलाबाई म्हणाल्या. "मी येते तुझ्याबरोबर. डॉक्टरांना नीट सांगायला कुणीतरी मोठं माणूस हवं."

निपाणीकडचं त्यांचं कन्नड असं खणखणीत होतं, की बंगळूरचे मऊ बोलणारे लोक आधी दोन पावलं मागे सरत आणि मग ऐकत. डॉक्टर धनलक्ष्मीही जरा मागे सरल्या. कस्तुरीला तपासणीच्या टेबलावर झोपवून त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. कस्तुरी कळवळली.

"खेळलीस?"

"नाही डॉक्टर. शपथ."

"मग दिवसभर काय करतेस?"

"काही नाही हो," उत्तर श्यामलाबाईंनी दिलं. "बँक, घर, स्वयंपाक. आणि संध्याकाळी स्वल्प झिम्मा-फुगडी. बायकांचं आपलं हसणं-खिदळणं."

डॉक्टर मैसूरकडच्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "फुगडी म्हणजे?"

श्यामलाबाईंनी आधी तोंडाने सांगून बघितलं. हात असे धरायचे, पाय असे जुळवायचे, मागे रेलायचं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही उजेड पडेना. मग त्या उठल्या, पदर खोचला, खुर्ची पायाने बाजूला सारली आणि म्हणाल्या, "द्या हात."

डॉक्टरांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. एकोणसाठ वर्षांच्या श्यामलाबाईंनी त्यांना अशी गरगर फिरवली, की गळ्यातली नळी आडवी उडू लागली आणि टेबलावरचे कागद जमिनीवर गेले. बाहेर मानेला पट्टा लावलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांना मान वळवता येईना, म्हणून ते अख्खेच वळून दारातून बघू लागले.

डॉक्टर हसत, धापा टाकत खुर्चीत कोसळल्या. "अम्मा, हे रोज?"

"हे काहीच नाही. कोंबडा अजून दाखवलाच नाही." आणि त्या उकिडव्या बसून टेबलाभोवती उड्या मारू लागल्या.

कस्तुरी टेबलावर आडवी पडून बघत होती. खेळताना तिला कधी दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. प्रत्येक उडीला टाच धाडकन आपटत होती आणि तो धक्का थेट नडगीतून वर चढत होता. 'अगं बाई,' ती मनात म्हणाली.

"मी हिचा चेंडू बंद केला," डॉक्टर म्हणाल्या, "आणि तुम्ही हिला अनवाणी दगडावर बेडूक केलंत? बंद. सगळं बंद. सहा आठवडे एक उडी नाही."

"पण हे देवाचं आहे!"

"देवाचं आणि बँकेचं नडगीला कुठं कळतं, अम्मा?"

मग त्यांनी कस्तुरीला नीट समजावलं. फडक्यात बर्फ बांधून लावायचा. दुखणं जरा उतरलं की पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करायच्या, पोटऱ्या बळकट व्हायला हव्यात. चांगले बूट घ्यायचे. मग चालायचं, मग थोडं धावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर तेवढं पुन्हा कमी करायचं. घाई करायची नाही.

घरी येताना आठव्या क्रॉसच्या रस्त्यावर श्यामलाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे थ्रोबॉलनं नव्हे होय?" त्यांनी विचारलं.

"त्यानंही. पण तो बंद होता की, आई."

"हं. आता बसवनगुडीच्या बायकांना काय तोंड दाखवू? तू नसशील तर कोंबडा कोण करणार?"

कस्तुरी फुलवालीपाशी थांबली. लग्न झाल्यापासून 'बरं, आई' हे दोन शब्द तिने इतक्यांदा म्हटले होते, की ते आताही आपोआप ओठांवर आले. तिने ते गिळले. "आई, मंगळागौरीला मी बसून गाणी म्हणेन. उडी एकही मारणार नाही. आणि पाय बरा झाला की पहिली उडी मैदानावर मारणार."

श्यामलाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग मोगऱ्याकडे बघितलं. "भाजी घ्यायची राहिली," म्हणाल्या आणि मंडईत शिरल्या.

दुसऱ्या दिवशी कस्तुरी मंडळात जाऊन कडेला बसली. सगळ्या जमल्यावर श्यामलाबाई मधोमध उभ्या राहिल्या.

"बायांनो, ऐका. हाडांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, थ्रोबॉल एक वेळ परवडला, पण झिम्मा आणि कोंबडा म्हणजे भलतंच कठीण काम. इतकी वर्षं आपण हे करतोय आणि घरचे पुरुष विचारतात, दमलात कशानं? त्या डॉक्टर स्वतः एका फुगडीत गार झाल्या. मी बघितलं डोळ्यांनी!"

डॉक्टर असं म्हणाल्या नव्हत्या. पण श्यामलाबाईंची मान इतकी ताठ होती, की कस्तुरीने तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात बेळगावच्या तानूबाई खाली बसल्या आणि लुगडं जरा वर करून त्यांनी नडगीवर बोट ठेवलं. "श्यामलाक्का, इथं दाबलं की जीव जातो माझा. मी म्हटलं, बंगळूरची थंडी बाधली."

"मलाही तिथंच!" दुसरी म्हणाली. "मी नव्या चपला दिल्या की टाकून!"

बघता बघता पाच जणी फरशीवर बसून आपापल्या नडग्या दाबू लागल्या. श्यामलाबाई सुनेशेजारी टेकल्या. जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "निपाणीला दर श्रावणात माझ्याही दुखायच्या गं. आम्ही म्हणायचो, पावसाळी वारं शिरलं. तेल चोळायचं आणि पुन्हा नाचायचं. कुणाला विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं."

त्या दिवसापासून तालमीत फरशीवर दुहेरी जमखाना आला. कोंबडा गेला. आणि तालमीआधी रंगमंचाच्या पायरीवर सगळ्या बायका ओळीने उभ्या राहून टाचा वर-खाली करू लागल्या. कस्तुरी सगळ्यांत पुढे, आणि श्यामलाबाई बाजूला उभ्या राहून ओरडत, "सावकाश! तानूबाई, दळण नाही आणायचं तुला!" स्पर्धा बसवनगुडीनेच जिंकली. परीक्षक त्यांच्यातलीच कुणाची तरी मावसबहीण होती, असं श्यामलाबाई पुढे बरीच वर्षं सांगत.

सप्टेंबरात ठणका गेला. कस्तुरी साडीखाली पांढरे बूट घालून बँकेत चालत जाऊ लागली. मग पहाटेच्या धुक्यात मैदानाला अर्धी फेरी धावायची, अर्धी चालायची. सोबतीला आलेला पद्मनाभ पहिल्याच वळणावर बाकावर बसायचा. मध्ये एकदा तिला राहवलं नाही आणि जोरात धावली, तर दुसऱ्या सकाळी नडगीने चांगलंच सुनावलं. पुन्हा आठवडाभर नुसतं चालणं. रडू आलं तिला, पण चालली.

सामन्याच्या दिवशी यल्लव्वांनी सात जणींत नव्या मुलीला घेतलं आणि कस्तुरीला राखीव बसवलं. "सराव कमी पडला तुझा, काय करू?" कस्तुरीने मान हलवली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

पण मंडळाच्या बायका आल्या होत्या, चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन. शेवटच्या डावात संघ मागे पडला आणि श्यामलाबाई थेट यल्लव्वांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आमची मुलगी कधी येणार हो?"

"अक्का, बसा की जरा."

"बसायला आलेच नाही मी. त्या शेंगेला स्वल्प पाणी प्यायला बोलवा, आणि हिला पाठवा."

दोन चेंडू गेले. श्यामलाबाई पुन्हा तिथेच. मग तिसरा चेंडूही नव्या मुलीच्या हातून निसटला, तेव्हा यल्लव्वांनी हात जोडले. "जा गं बाई कस्तुरी. नाहीतर तुझ्या सासूबाईच आत येतील."

कस्तुरी आत गेली. समोरून चेंडू मागच्या कोपऱ्यात आला. ती धावली, दोन्ही हातांत तो पकडला, वळली, आणि उडी मारून जाळीवरून असा फेकला, की पलीकडच्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी चेंडू हातात घेतल्यावर तिच्या लक्षात आलं, की इतका वेळ नडगीची आठवणच झाली नव्हती. ती तशीच उभी राहिली, चेंडू छातीशी धरून, तोंडभर हसत.

पंचांनी शिट्टी मारली. या खेळात तीन सेकंदांपेक्षा जास्त चेंडू हातात ठेवता येत नाही. गुण गेला.

"अगं, टाक की!" श्यामलाबाई कडेने ओरडल्या. "कडेवर काय घेऊन उभी राहिलीस त्याला?"

"टाकते, आई!" कस्तुरी म्हणाली, आणि पुढच्या चेंडूसाठी मागे सरकली.