न भाजणारा हात

अयुबनं उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीत उजव्या हाताची बोटं घातली, पाक उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा चोळत उभा राहिला.

आनंदरावांनी पुण्याहून आणलेले दोन पाहुणे दोन पावलं मागं सरकले.

"हात आधी गार पाण्यात नाही बुडवायचा?" एकानं विचारलं.

"बाकीच्यांनी बुडवायचा," गुऱ्हाळाचे मालक आनंदराव मिशीत हसले. "आमच्या अयुबभाईंच्या हाताला इस्तू लागत न्हाई. पीराची मेहर हाय."

खरी रीत पाहुणा म्हणाला तीच. गुळव्याचा हात आधी बादलीत, मग पाकात, आणि लगेच पुन्हा बादलीत. पाण्यात पाकाची गोळी बसली की काहील उतरवायची. वरवंडच्या शिवारात अयुबनं तीस वर्षं हेच केलं होतं. यंदा मात्र बादली नुसती शेजारी असायची. एकदा हात बुडवायचा विसरला, काही झालं नाही. मग मुद्दामच विसरू लागला. लोक लांबून बघायला येऊ लागले, आणि आपलं कौतुक कुणाला नको असतं?

फक्त एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. गोळी बसली की नाही, हेही त्या बोटांना कळेनासं झालं होतं. पाकाच्या रंगावर आणि बुडबुड्यांच्या आवाजावर तो वेळ निभावून नेत होता. गेल्या आठवड्यात एक काहील फसली, गूळ मऊ उतरला, तेव्हा त्यानं सगळं खापर उसावर फोडलं होतं. गुळव्याचा हात गेला की मागं राहतो तो चुलाणाच्या जाळात उसाची चिपाडं सारणारा गडी.

पाहुणे काकवीच्या बाटल्या घेऊन निघून गेले. अयुब काहिलीपाशी उभा राहून फेस बघत होता, तेवढ्यात वास आला. घरी बकऱ्याचे पाये भाजताना येतो तसा.

"कोण भाजलं रे?" तो ओरडला.

चुलाणापाशी बसलेल्या बन्सीनं आधी स्वतःच्या पायांकडं बघितलं. मग वर बघितलं आणि तो तसाच राहिला. त्यानं नुसतं बोट दाखवलं.

अयुबचा उजवा हात काहिलीच्या तापलेल्या काठावर टेकलेला होता. मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा, निवांत. त्यानं तो उचलला तेव्हा तळव्याची थोडी कातडी काठालाच चिकटून राहिली.

बन्सी उठला आणि त्या हाताला त्यानं वाकून नमस्कार केला. अयुबला पहिल्यांदाच त्या नमस्काराची भीती वाटली.

घरी त्याची मुलगी अल्फिया आली होती. ती शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि दोन दिवसांच्या रजेवर होती. अयुबच्या आईनं, सरदारबीनं, हात बघताच टूथपेस्टची ट्यूब शोधायला घेतली.

"दादी, ते ठेव खाली," अल्फिया म्हणाली. "टूथपेस्ट न्हाई, हळद न्हाई, बर्फबी न्हाई. अब्बा, नळाखाली धरा. वीस मिनिटं."

"शिरूरला जाऊन डाक्टरीण झाली ही," अयुब म्हणाला, पण हात धरून बसला. वीस मिनिटांनी तिनं हात हळूच टिपला, फोड न फोडता वर स्वच्छ जाळीची पट्टी सैलसर बांधली.

"लई दुखतंय का?"

"जरापण न्हाई."

"दुखायला पाहिजे, अब्बा."

तो हसला. ती हसली नाही. तिनं पिशवीतून त्याच्यासाठी आणलेला लांब बाह्यांचा शर्ट काढला. जखमेवर ऊन लागलं की डाग काळा राहतो, बाहेर जाताना पट्टी झाकूनच निघायचं, असं बजावलं. शर्ट चढवताना त्याच्या कोपराखाली तिचे डोळे थांबले. उन्हानं करपलेल्या हातावर तिथं तळव्याएवढा फिका डाग होता.

"हे कवापासनं?"

"उन्हानं रंग उडाला असंल."

"उन्हानं काळं पडतं. उडत न्हाई."

मार्चची दुपार होती. अयुबच्या मानेवरून, दंडावरून घाम ओघळत होता. डागाच्या कडेपर्यंत येऊन तो बाजूनं वळत होता. डाग कोरडा ठणठणीत होता. असे डाग अल्फियानं दवाखान्यात पाहिले होते. तिचा चेहरा उतरला.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "मी पेनानं टोचते. कुठं टोचलं ते सांगायचं."

"ह्यो काय पोरखेळ?"

"मिटा, अब्बा."

तिनं डावा हात घेतला.

"अंगठा," अयुब म्हणाला. "करंगळी. मनगट. आता पुन्हा अंगठा. व्हय ना?"

"व्हय. आता उजवा."

तो थांबला. नळ ठिबकत होता. सरदारबीचं तांदूळ पाखडणं मध्येच बंद पडलं. लांब गुऱ्हाळावरचं इंजिन चालू होतं, म्हणजे आनंदरावांनी दुसरी काहील भरायला घेतली असणार. मिटल्या डोळ्यांना वाटलं, आपला उजवा हात उठून खोलीत दुसरीकडंच कुठं तरी जाऊन बसलाय. अल्फियाला कुणाचा फोन तर आला नाही?

"अगं, कर की सुरू. मालक वाट बघत असतील."

त्याला अल्फियाचं नाक ओढणं ऐकू आलं.

त्यानं डोळे उघडले. पट्टीच्या कडेपासून कोपरापर्यंत निळे ठिपके पडले होते. पेन खाली चटईवर पडलं होतं, आणि अल्फियानं त्याची बोटं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवली होती.